फ्रेटलेस बास बनवून घेताना : ११ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

हा फ्रेटलेस बास, म्हणजे फ्रेट (सुरांच्या जागी बसवलेल्या धातूच्या आडव्या पट्ट्या) नसलेली बास गिटार, ११ महिने रोज हातात आहे. एवढ्या वापरानंतर सांगण्यासारखं जे काही आहे त्यातलं बहुतेक फिंगरबोर्डाशी, म्हणजे तार जिच्यावर दाबतात त्या फळीशी, येऊन थांबतं. पिकअप (तारेचा कंप टिपणारे चुंबकी भाग) बदलता येतात, ब्रिज (तारांची घोडी) बदलता येतो, खुंट्या बदलता येतात. फिंगरबोर्ड मात्र नेकला (वाद्याच्या मानेला) कायमचा चिकटवलेला असतो आणि फ्रेटलेसचा सगळा आवाज त्याच्यावरच घडतो. म्हणून लिहिताना तिथेच जास्त रेंगाळलो आहे. बाकीच्या भागांचं गरजेपुरतं.

आधी मापं. चार तारा (जाड ते बारीक: ई, ए, डी, जी), ३४ इंची स्केल, म्हणजे नटपासून (नेकच्या टोकाची खाचांची पट्टी) सॅडलपर्यंत (ब्रिजवरचा तारेचा टेकू) साधारण ८६४ मिमी. नेक मेपलचा, क्वार्टर-सॉन (वलयं उभी येतील अशी चिरलेल्या) फळीतून काढलेला. आत दोन्ही दिशांनी काम करणारा ट्रस रॉड (नेकचा बाक कमी-जास्त करणारी धातूची सळई) आणि त्याच्या दोन्ही अंगांना कार्बन फायबरची एकेक पट्टी. फिंगरबोर्ड एबनीचा, मध्यावर ७ मिमी जाड, १२ इंच त्रिज्येच्या गोलाईचा, वरच्या बाजूला एकही रेघ नाही. नट हाडाचा, ४० मिमी रुंद. ब्रिजपाशी दोन तारांतलं अंतर १९ मिमी. बॉडी ॲशची, नेक चार स्क्रूंनी बसवलेला. जॅझ बास (फेंडर कंपनीचं मॉडेल) पद्धतीचे दोन सिंगल-कॉइल (एकाच वेटोळ्याचे) पिकअप, सर्किट पॅसिव्ह (बॅटरीशिवाय चालणारं). वजन ४.१ किलो.

फ्रेट असलेल्या बासवर तार धातूच्या एका बारीक कडेवर टेकते. फ्रेटलेसवर ती लाकडावर टेकते आणि बोटाच्या पुढचा काही इंचांचा पृष्ठभाग कंप पावणाऱ्या तारेला ओझरता लागत राहतो. फ्रेटलेसचा तो फुलत जाणारा, 'म्वा' असा सूर या ओझरत्या लागण्यातून निघतो. ज्यांनी तंबोऱ्याची जवारी काढून घेतली आहे त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. तिथे घोडीचा माथा किंचित गोलसर ठेवतात आणि तार त्याच्यावर अगदी निसटत्या कोनात टेकते. इथे तीच जवारी हातभर लांब पसरलेली आहे आणि दर सुराला तिची जागा बदलते. त्यामुळे ०.१ मिमीचा उंचवटाही ऐकू येतो. फ्रेटच्या वाद्यात असा उंचवटा फ्रेटच्या खाली झाकला जातो. इथे झाकायला काही नाही.

वाद्य ताब्यात घेताना फिंगरबोर्ड दोन पद्धतींनी तपासा. पहिली, तारा काढून, ट्रस रॉडने नेक सरळ करून. खात्रीची सरळ पट्टी चारही तारांच्या वाटेवर एकेक करून ठेवायची आणि ०.०५ मिमीचं फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) खाली सरकतं का ते बघायचं. मधल्या रेषेवर पट्टी ठेवून 'सरळ आहे' म्हणणं पुरेसं नाही, कारण गोलाईमुळे मध्य सरळ असूनही ई तारेखाली खड्डा असू शकतो. दुसरी पद्धत तारा चढवून. एका तारेवर पहिल्या जागेपासून (जागा म्हणजे जिथे फ्रेट असता ती) शेवटपर्यंत बोट अगदी सावकाश घसरवायचं आणि दुसऱ्या हाताने सारख्याच जोराने तार छेडत राहायचं. जिथे आवाज खरखरतो तिथे बोटाच्या पुढे, ब्रिजच्या बाजूला, उंचवटा आहे. जिथे सूर अचानक कोरडा पडतो तिथे पुढे खड्डा आहे, तार लाकडाला लागतच नाही. या बासवर डी तारेखाली नवव्या जागेच्या पुढे असा एक उंचवटा सापडला. गोलाईच्या मापाच्या लांब ठोकळ्यावर ३२० नंबरचा सँडपेपर लावून, मग ६००, मग १०००, असं करत तो काढावा लागला. तेवढ्याच जागी सँडपेपर घासून चालत नाही, तसं केलं की उंचवट्याच्या जागी खड्डा तयार होतो. ठोकळा पूर्ण लांबीभर फिरवावा लागतो.

असं एकदा समतल करण्यात ०.१ ते ०.२ मिमी लाकूड जातं. म्हणूनच जाडी आधी ठरवायची. ७ मिमी ऐकायला भरपूर वाटतं, पण १२ इंची गोलाई आणि बॉडीकडच्या टोकाला ६० मिमी रुंदी असेल तर कडेची जाडी मध्यापेक्षा जवळजवळ दीड मिमीने कमी भरते, म्हणजे साडेपाच. मध्यावर ५ मिमी घेतलेला फिंगरबोर्ड त्या टोकाच्या कडांना साडेतीनवर येतो आणि दोन-चार वेळा समतल केला की काळजी वाटू लागते. ऑर्डर देताना 'जाडी ७ मिमी, मध्यावर, तयार अवस्थेत' असं तीन गोष्टींसकट लिहून घ्या. नुसतं '७ मिमी' लिहिलं तर कारागीर कच्च्या फळीचं माप धरू शकतो, आणि त्यात त्याची चूक काढता येणार नाही.

लाकूड कोणतं, हा प्रश्न सगळे सर्वांत आधी विचारतात. एबनी कठीण आणि घट्ट वीणीची, सुराची सुरुवात स्पष्ट देते आणि राउंडवाउंड (गोल तारेचे वेढे असलेल्या, खरखरीत) तारांना बऱ्यापैकी दाद देत नाही. रोझवुड मऊ, सूर थोडा गोल, पण राउंडवाउंड तारांचे चरे लवकर पडतात. मेपल किंवा आणखी मऊ लाकूड घ्यायचं असेल तर वर इपॉक्सीचा कठीण थर हवाच. या थराचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अमेरिकन बासवादक जॅको पास्टोरियसच्या १९६२च्या जॅझ बासचं: फ्रेट काढलेले, खाचा भरलेल्या, वर बोटींना लावतात ते इपॉक्सी आणि त्यावर रोटोसाउंडच्या स्टीलच्या राउंडवाउंड तारा. आवाज चकचकीत आणि सूर लांब टिकणारा, पण थर एकसारखा बसवायला हात लागतो आणि तडा गेला तर दुरुस्ती किचकट असते. एबनीवर तो थर घेतला नाही, तेल दिलेलं उघडं लाकूडच ठेवलं, आणि ११ महिन्यांनी तोच निर्णय योग्य वाटतो. रोझवुड घेऊन वाद्य दुसऱ्या देशात पाठवायचं असेल तर साइट्सचे (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) नियम पाहावे लागतात. डालबर्जियाच्या (रोझवुडचं कुळ) सगळ्या जाती जानेवारी २०१७मध्ये यादीत आल्या. तयार वाद्यांना नोव्हेंबर २०१९पासून सूट आहे, ब्राझिलियन रोझवुड वगळून. ही सूट तयार वाद्याला आहे, सुट्या फळीला नाही, हे कारागिराशी बोलताना ध्यानात ठेवा.

आता कडेच्या ठिपक्यांबद्दल, कारण इथे ऑर्डर हमखास चुकते. फ्रेटच्या बासवर तिसरा, पाचवा, सातवा असे ठिपके दोन फ्रेटच्या मध्ये असतात. फ्रेटलेसवर ठिपका नेमका सुराच्या जागी, म्हणजे जिथे फ्रेट असता तिथे, हवा. कारागिराच्या हाताला सवय पहिल्या पद्धतीची, साचेही तसेच. ३४ इंची स्केलवर पाचवी जागा नटपासून २१६.६ मिमीवर येते आणि चौथी १७८.२ मिमीवर. ठिपका या दोहोंच्या मध्ये पाडला तर तो १९ मिमी मागे पडतो, म्हणजे साधारण पाव स्वर खाली. नजर तिथे टेकवून वाजवणाऱ्याचा प्रत्येक सूर उतरलेला. या बासच्या आराखड्यातही ठिपके आधी मध्येच काढले होते. भोकं पाडण्यापूर्वी कागदावर दिसलं म्हणून निभावलं. आराखड्याचा फोटो मागवा, पट्टीने मोजा, मगच पुढे जाऊ द्या.

जागा काढण्याचं गणित सोपं आहे. स्केलला १७.८१७ने भागलं की पहिली जागा मिळते: ४८.५ मिमी. उरलेल्या लांबीला पुन्हा तेवढ्यानेच भागायचं, दुसरी जागा मिळते, आणि असंच पुढे. बारावी जागा बरोबर मध्यावर, ४३१.८ मिमीवर. खालच्या बाजूला अर्ध्या स्वरासाठी हात ४८ मिमी सरकतो आणि बाराव्या जागेनंतर तोच अर्धा स्वर २४ मिमीत उरकतो. म्हणून चूकही वर गेल्यावर जास्त टोचते. पहिल्या जागेपाशी बोट १ मिमी हललं तर सूर २ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) बदलतो, बाराव्यापाशी ४, आणि एकोणिसाव्यापाशी ६.

वर रेघा हव्यात की नकोत? रेघा असल्या की नवीन माणसाला धीर येतो आणि मंचावर स्वतःचा आवाज ऐकू येत नसेल तेव्हा त्या खरोखर वाचवतात. पण रेघ म्हणजे खाच, आणि खाचेत भरलेली वेगळ्या लाकडाची पट्टी. हवा कोरडी झाली की ती पट्टी आणि फिंगरबोर्ड वेगवेगळ्या प्रमाणात आक्रसतात आणि काही महिन्यांनी बोटाला रेघ जाणवू लागते. इथे मधला मार्ग घेतला आहे: वरचा भाग कोरा, आणि कडेला प्रत्येक अर्ध्या स्वराच्या जागी ३ मिमी उंचीची पातळ मेपलची रेघ, शिवाय नेहमीच्या जागी ठिपके. वाजवणाऱ्याला सगळं दिसतं, समोरच्याला काही नाही, आणि तारेच्या वाटेत एकही सांधा येत नाही. पुन्हा बनवून घ्यायचा झाला तरी यात बदल करणार नाही.

इंटोनेशन (प्रत्येक जागी सूर नेमका लागावा म्हणून सॅडलची जुळणी) लावताना बोटावर विसंबू नका. बोटाचा मऊ भाग दर वेळी वेगळा टेकतो. बँकेच्या कार्डाची कड बाराव्या रेघेवर आडवी धरून तार तिच्याखाली दाबायची, तो सूर आणि बाराव्या जागेचा हार्मोनिक (तार न दाबता नुसत्या स्पर्शाने निघणारा सूर) ट्यूनरवर जुळवायचा. दाबलेला सूर चढा आला तर सॅडल मागे, उतरलेला आला तर पुढे. असं लावल्यावर बोटाचा मधला भाग बरोबर रेघेवर ठेवला की सूर मिळतो. फ्रेटच्या सवयीने बोट रेघेच्या मागे ठेवलं तर सूर कायम उतरलेला लागेल, आणि दोष वाद्याला जाईल.

नटची उंची हा दुसरा दुर्लक्षित मुद्दा. फ्रेटलेसवर नटमधून निघालेली तार फिंगरबोर्डापासून ०.३ मिमी वर असली तरी पुरे, ई तार ०.४. म्हणजे व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी फट. हा बास आला तेव्हा नटपाशी जवळजवळ १ मिमी उंची होती, फ्रेटच्या नेकला ठेवतात तशी. परिणाम असा की पहिल्या तीन जागांवर तार दाबायला जोर लागे, दाबताना ती ताणली जाई आणि सूर चढा लागे, आणि खालच्या भागात 'म्वा' निघतच नसे. खाच तारेच्या जाडीच्या कानशीने थोडी थोडी खोल करावी लागली, तळ खुंटीच्या बाजूला किंचित उतरता ठेवून. एक घास जास्त लागला तर नट नवाच करावा लागतो, त्यामुळे हे काम घाईत करू नये.

सध्याची जुळणी अशी. पहिल्या आणि शेवटच्या जागेवर तार दाबून सातव्या जागेपाशी दिसणारी फट ०.१५ मिमी. बाराव्या जागेवर फिंगरबोर्डापासून तारेची उंची जीला १.६ मिमी, ईला २ मिमी. फट ०.३च्या पुढे गेली की मधल्या भागात सूर कोरडा होतो, ०.०५च्या खाली आली की सगळीकडे खरखर. दोन्हींमधली जागा अरुंद आहे आणि हवेतली ओल बदलली की ती निसटते. दमट महिन्यांत फट ०.२५पर्यंत गेली, ट्रस रॉडचा पाव फेरा आणि एक रात्र थांबणं, एवढ्यावर परत आली. पाव फेऱ्यापेक्षा जास्त एका दमात फिरवू नका. ट्रस रॉड फिरवायला नेकच्या बॉडीकडच्या टोकाला चाकासारखा स्क्रू-नट मागून घेतला होता, त्याचा फार उपयोग होतो. तारा न काढता, नेक न सोडवता, भोकात खिळा घालून फिरवायचं.

कार्बनच्या पट्ट्यांनी नेक हलायचा थांबत नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. ४५ ते १०५ जाडीच्या चार तारा मिळून साधारण ८० किलोंचा ताण देतात आणि पहिले दोन महिने नेक त्या ताणाखाली बसत असतो. पट्ट्यांमुळे हालचाल कमी आणि सारखी होते, वळसा पडण्याची भीती घटते. पण पहिल्या दोन महिन्यांनी एकदा आणि नंतर एकदा हवा बदलल्यावर वाद्य तपासून देण्याचं काम ऑर्डरमध्येच धरा.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात जो खरा दोष पुढे आला तो नेकच्या टोकाचा. बॉडीवर स्क्रूंनी घट्ट बसलेला भाग ताणाने वाकत नाही, त्याच्या अलीकडचा वाकतो, आणि सांध्याच्या पुढचं टोक उचललेलं दिसू लागतं. सोळाव्या जागेच्या पुढे 'जी' ही तार टिणटिण करू लागली. ट्रस रॉडने हे जात नाही, कारण रॉडचा जोर तिथे पोहोचतच नाही. तारा उंच केल्या तर खरखर जाते, पण सगळ्या फिंगरबोर्डाची जवारीही जाते. इलाज एकच: टोकाकडचे शेवटचे ८-१० सेंटिमीटर ०.२ मिमीपर्यंत उतरते घासून घेणं. हे बनवतानाच करून घेता येतं. ऑर्डर देताना 'सोळाव्या जागेपासून पुढे हलका उतार' एवढं वाक्य घाला, म्हणजे नंतर ७ मिमीमधलं लाकूड खर्च होणार नाही.

दुसरा दोष पूर्ण गेलेला नाही. जी तारेवर पाचव्या-सहाव्या जागेला, म्हणजे सी आणि सी शार्पला, सूर शेजारच्या सुरांपेक्षा लवकर विझतो. स्क्रूंनी बसवलेल्या लांब नेकवर हा मेलेला सूर बहुतेक याच पट्ट्यात सापडतो. नेकचा स्वतःचा कंप त्या सुराशी जुळतो आणि तारेची ताकद शोषून घेतो. हेडस्टॉकला (खुंट्या असलेल्या टोकाला) छोटा क्लॅम्प लावून वजन वाढवलं की तो सूर परत येतो आणि मेलेली जागा अर्धा-एक स्वर खाली सरकते. फ्रेटलेसवर लांब धरलेले सूर जास्त वाजतात म्हणून ते फ्रेटच्या बासपेक्षा इथे लवकर लक्षात येतं. यासाठी कारागिराला दोष देता येत नाही, कोणताही कारागीर याची हमी देणार नाही, आणि जो देतो त्याच्याबद्दल शंका घ्यावी.

तारा. पहिले पाच महिने फ्लॅटवाउंड (चपट्या पट्टीचे वेढे असलेल्या, गुळगुळीत), नंतरचे सहा महिने निकेलच्या राउंडवाउंड. फ्लॅटवाउंडवर सूर जाड, मऊ, जवळपास डबल बासच्या वळणाचा, 'म्वा' कमी. राउंडवाउंड लावल्यावर मींड स्पष्ट ऐकू येते आणि वरचे उपसूर उघडतात. प्रत्येक बदलात ताण बदलतो, त्यामुळे फट आणि इंटोनेशन दोन्ही पुन्हा लावावं लागतं. सहा महिन्यांच्या राउंडवाउंडनंतर फिंगरबोर्ड दिव्याखाली तिरका धरला की जी आणि डी तारांखाली दुसऱ्या ते नवव्या जागेपर्यंत बारीक चमकत्या रेषा दिसतात, वेढ्यांच्या अंतराएवढ्या. नख फिरवलं तर अडकत नाही. अडकू लागलं की समतल करायची वेळ आली असं समजावं. कंपन देताना बोट तारेच्या दिशेने डोलवा. तार आडवी ओढली की वेढे कानशीसारखे लाकडावर चालतात आणि सुरात फारसा फरकही पडत नाही. वाजवून झाल्यावर तारांखालून सुती फडकं फिरवणं आणि वर्षातून दोनदा तेलाचे चार थेंब, दहा मिनिटांनी पुसून, एवढी निगा पुरते.

पिकअपबद्दल थोडक्यात. फ्रेटलेसचा बोलका, नाकातला सूर ब्रिजजवळच्या पिकअपमध्ये असतो. दोन्ही पूर्ण उघडे असले की दोन पिकअपच्या एकमेकांना उलट्या वेढ्यांमुळे विजेची गुणगुण कापली जाते. एकटा ब्रिजचा उघडला की ती परत येते, आणि फ्रेटलेसवर तोच जास्त वेळ उघडा राहतो. आतल्या पोकळीला तांब्याची पट्टी लावून, ती अर्थला जोडून घेतल्यावर त्रास बराच घटला, संपला नाही. शांत जागी रेकॉर्डिंग करणाऱ्यांनी त्याच आकाराचा हम-कॅन्सलिंग (गुणगुण स्वतःच कापणारा) पिकअप सुरुवातीलाच मागावा. उंचीही सांभाळा: शेवटच्या जागेवर तार दाबून पिकअपपासून ईला ३ मिमी, जीला २.५. जास्त जवळ आणला तर चुंबक तार ओढतो, वरच्या जागांवर सूर डळमळतो आणि माणूस बोटाची चूक शोधत बसतो.

बॉडीचं वरचं शिंग बाराव्या जागेपर्यंत नेलं आणि खुंट्या हलक्या घेतल्या, त्यामुळे खांद्याच्या पट्ट्यावर नेक खाली झुकत नाही. फ्रेटलेसवर हे सोयीपुरतं नाही. डाव्या हाताला नेक सावरावा लागला तर मींड घेताना अंगठा मोकळा राहत नाही आणि सूर चुकतो.

काम सांगितल्यापेक्षा तीन महिने उशिरा पूर्ण झालं. त्यातला मोठा भाग लाकूड स्थिर होऊ देण्यात गेला: नेक ढोबळ कापून काही आठवडे ठेवला, हलला तेवढा परत सरळ केला, मग पुढे. ही वाट पाहणं कमी करायला कारागिराला भाग पाडू नका. पैसे मात्र टप्प्यांना बांधून द्या: लाकूड निवडल्यावर, नेक आणि बॉडी जुळल्यावर, आणि शेवटचा हप्ता घसरत्या बोटाची चाचणी चारही तारांवर घेतल्यावर.

पुढचं काम ठरलेलं आहे. राउंडवाउंड तारांचा हा सेट उतरवला की टोकाचा उतार पुन्हा एकदा मोजायचा आणि मध्यावर किती जाडी उरली ते लिहून ठेवायचं. आज ती ६.७ मिमी आहे.